कृ. मा. प.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पहिल्यांदा छापला गेला तो १९६२ साली. त्यात पणजोबांचा उल्लेख ‘पंचक्रोशीतले नामांकित कर्तनकार’ असा आहे. पणजोबा कीर्तन करायचे. जुळाऱ्याच्या हातून एक वेलांटी निसटली आणि चिपळ्या घेऊन उभा असलेला माणूस कायमचा कात्री घेऊन उभा राहिला. शेवटच्या पानावर शुद्धिपत्र होतं. त्यात ‘कर्तनकार’च्या जागी ‘कीर्तनकर असे वाचावे’ असं छापलं होतं. त्यामुळे जी मंडळी आधी फक्त हसली होती, ती आता आम्ही आडनाव कधी बदललं ते विचारू लागली.

दुसरी आवृत्ती काढायची हे तेव्हापासून ठरलेलं आहे. गेल्या वर्षी ती खरोखरच हातात घेतली. सांगलीचे काका फूलस्केपवर मजकूर लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत, तो आडवा. डोंबिवलीची आत्या बोलून पाठवत असे. तिच्या माहेरच्या शाखेची हकीकत कुकरच्या चौथ्या शिट्टीला संपे. मी ते सगळं वर्डमध्ये उतरवून सर्वांना ईमेल करी. मग तिघेजण तीन प्रतींमध्ये दुरुस्त्या करत आणि मी त्या एकत्र करताना तिघांच्याही घालवून बसे. सर्वांत ताज्या फाईलचं नाव ‘आत्याने पाहिलेली’ असं होतं. तिच्यानंतर ‘आत्याने परत पाहिलेली’ आली, आणि पाठोपाठ काकांची ‘आत्याने पाहायच्या आधीची’.

पुतणी जर्मनीत, श्टुटगार्टला पीएचडी करते. तिने व्हिडिओ कॉलवर हा पसारा पाहिला आणि म्हणाली, “भाऊकाका, वर्डमध्ये नको. लाटेकमध्ये करू. ओव्हरलीफवर सगळे एकाच वेळी लिहू शकतात.”

“लेटेक्स?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “आपल्या गादीत आहे ते?”

पुतणीने उच्चार दुरुस्त केला. शेवटी ‘क्स’ नाही, ‘क’. मूळ शब्द टेख, ग्रीक भाषेतल्या कलाकौशल्याच्या शब्दावरून घेतलेला. त्यातला ‘ख’ घशातून यायला हवा. नीट उच्चारला तर समोरचा पडदा किंचित ओला होतो, असं खुद्द निर्मात्यानेच लिहून ठेवलं आहे. काकांनी हे फार मनावर घेतलं. त्यांचा चष्मा ओला झाला.

आणि ओव्हरलीफ? “म्हणजे पानाच्या मागच्या बाजूला,” पुतणी म्हणाली. मी जन्मभर मराठी शिकवलं. चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर खालच्या कोपऱ्यात ‘कृ. मा. प.’ असं स्वतःच्या हाताने घातलं आणि तरीही अर्धा वर्ग मागे न पाहता वीस गुण सोडून घरी गेला, हेही पाहिलं. ज्या जागेचं नावच ‘कृपया मागे पहा’ आहे, तिथे मागे काहीतरी असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जागेची रचना सोपी आहे. पडद्याचे दोन भाग. डावीकडे आपण लिहायचं, उजवीकडे ते छापल्यासारखं दिसतं. मध्ये हिरवं बटण. ते दाबलं की कुठल्यातरी दूरच्या संगणकावर पान जुळवलं जातं आणि परत येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डावीकडे स्वयंपाकघर आणि उजवीकडे पंगत. डावीकडचा पसारा उजवीकडे दिसत नाही. तिथे सगळं मीठ-लिंबासकट जागच्या जागी.

डावीकडे लिहितानाचा नियम मात्र वेगळा. ‘हे मोठं करा, ठळक करा, मधोमध घ्या’ असं सांगायचं नाही. ‘हे प्रकरणाचं नाव आहे’ एवढंच सांगायचं. किती मोठं आणि कुठे, ते यंत्र ठरवतं. मला हे पटायला आठवडा लागला. काकांना लगेच पटलं. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. “म्हणजे आपण फक्त ‘विषय’ लिहायचा,” ते म्हणाले, “पुढचं साहेब बघतात.”

हे साहेब कोण, याची मी चौकशी केली. मूळ पुरुष डोनाल्ड क्नूथ, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. १९७७ साली त्यांच्या एका जाडजूड ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं आली. मधल्या काळात शिशाचे खिळे जाऊन प्रकाशजुळणी आली होती, आणि ती अक्षरं त्यांना बघवेनात. आपल्याकडे प्रूफ वाईट आलं तर लेखक छापखान्यात जाऊन मालकाला दोन शब्द सुनावतो, मालक चहा मागवतो आणि पुस्तक तसंच छापलं जातं. क्नूथ यांना चहा मिळाला नसावा. त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवून पानं जुळवणारी आज्ञावली स्वतःच लिहायला घेतली. वर्षभरात होईल असा अंदाज होता, दहा वर्षं लागली. ग्रंथाचे सात खंड ठरले होते. पहिला १९६८ साली आला, आणि चौथ्याचा दुसरा भाग २०२२ साली. हे ऐकून आमच्या कुलवृत्तांत समितीत जे समाधान पसरलं त्याला तोड नाही.

त्यांच्या टेखवर लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात लाटेक उभं केलं, सामान्य माणसाला झेपावं म्हणून. सामान्य माणूस म्हणजे गणिताचा प्राध्यापक. पुढे चालकाशिवाय धावणाऱ्या गाड्यांवर काम करणाऱ्या दोन गणितींनी २०१२च्या सुमारास इंग्लंडमध्ये हे सगळं इंटरनेटवर आणलं. सहकाऱ्यांबरोबर शोधनिबंध लिहिताना फायली इकडून तिकडे पाठवून ते कंटाळले होते. म्हणजे त्यांनाही कुठेतरी आत्या असणार. चालकाशिवाय गाडी चालवण्याचा त्यांचा अनुभव आमच्या कुटुंबाला पुढे फार उपयोगी पडला.

क्नूथ यांची आणखी एक गोष्ट मला मोहवून गेली. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत. लोक तो वटवत नसत, चौकटीत लावून भिंतीवर टांगत. मीही जाहीर केलं, कुलवृत्तांतात चूक शोधणाऱ्यास २ रुपये ५६ पैसे. आत्याने पहिल्याच संध्याकाळी एकेचाळीस चुका दाखवल्या आणि यूपीआय क्रमांक पाठवला. योजना मागे घेतली.

तर सुरुवात. पुतणीने दुवा पाठवला. तिच्या विद्यापीठाने पैसे भरलेले असल्यामुळे आमच्या अख्ख्या गोतावळ्याला प्रवेश मिळाला. जर्मन करदात्याला याची कल्पना नसावी. काकांनी गावच्या इतिहासाचा मजकूर डावीकडे चिकटवला आणि हिरवं बटण दाबलं. उजवीकडे पंगत बसलीच नाही. त्याऐवजी लाल पट्ट्या आल्या. ‘अ’ हे अक्षर आमच्याकडे मांडून ठेवलेलं नाही. ‘प’ही नाही. ‘ल’ही नाही. दर अक्षराला वेगळी तक्रार. शेवटी यंत्राने लिहिलं, शंभर चुका झाल्या, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

मी खुर्चीतून उठलो. शंभर! शिशुपालाचे शंभर अपराध पोटात घालून श्रीकृष्णाने सुदर्शन चक्र उचललं, ते आपल्या सभापर्वात. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाला तोच आकडा सुचावा? पुतणीने सांगितलं की मोजणी एकेका परिच्छेदापुरती असते. परिच्छेद संपला की पाटी कोरी. म्हणजे यंत्र कृष्णापेक्षाही क्षमाशील. फक्त काकांना परिच्छेद पाडायची सवय नाही. चाळीस वर्षं टिपण्या लिहिलेला माणूस. त्यांचा गावचा इतिहास शिलाहारांपासून ग्रामपंचायतीच्या नळयोजनेपर्यंत एका दमात येतो.

दोष आमचाच होता. नव्या प्रकल्पात जुळणीचं जे यंत्र आपोआप निवडलेलं असतं ते रोमन लिपीचं. देवनागरीसाठी मेनूतून झीलाटेक निवडावं लागतं, मग फाँट सांगावा लागतो, आणि लिपी देवनागरी आहे हेही स्पष्ट शब्दांत बजावावं लागतं. हे शेवटचं बजावलं नाही तर जोडाक्षरं पाय मोडून पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या अंगाला जाऊन बसते. आम्ही आयआयटी मुंबईतून निघालेला ‘शोभिका’ फाँट चढवला. बटण दाबलं. वर्तुळ फिरलं. आणि पान आलं.

इथे मला विनोद सुचत नाही. ते पान सुंदर होतं. दोन्ही कडा सरळ, शब्दांमध्ये सारखी हवा, ‘द्ध’ आणि ‘ष्ट्य’ आपापल्या जागी ठाम. जुन्या छापखान्यात देवनागरीचे शेकडो खिळे खणाखणांत मांडलेले असत. जुळारी न पाहता हात घाली आणि उलटी ओळ उभ्या उभ्या वाची. तो हात मी लहानपणी पाहिला आहे. त्या पानावर पणजोबा पुन्हा कीर्तनकार झाले होते. आत्याने फोनवर विचारलं, “वेलांटी आहे ना रे? मोठी करून बघ.” मोठी करून पाहिली. होती.

त्यानंतर चार दिवस आनंद टिकला.

काका इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकतात, सरकारी शिस्तीत. लाटेकच्या प्रत्येक हुकमाआधी एक उलटी तिरपी रेघ लागते, ती इनस्क्रिप्टमध्ये दाबली की ‘ॉ’ उमटतो. महिरपी कंस उघडायला जावं तर ‘ढ’. भाषा बदलायची राहिली की ‘बिगिन’चा हुकूम ‘ॉवाुगल’ असा निघे. काकांनी तो तसाच सोळा ठिकाणी ठेवला, कारण त्यांना वाटलं जर्मनीत असंच लिहीत असतील. शिवाय जिथे ‘बिगिन’ आहे तिथे ‘एंड’ हवाच. सुरू केलेलं संपवल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही. आमच्या घराण्याच्या इतिहासात ही अट प्रथमच घातली गेली.

मग रंगीत काड्या. एका वेळी जितके लोक लिहीत असतील तितक्या वेगवेगळ्या रंगांच्या काड्या पडद्यावर लुकलुकतात. एका रात्री साडेदहाला काका तिसऱ्या प्रकरणात असताना समोर एक जांभळी काडी आपोआप सरकू लागली. काकांनी चाळ पाहिलेली आहे. ते घाबरणारे नव्हेत. त्यांनी तिथेच टंकलं, ‘कोण आहे?’ जांभळी काडी थांबली. मग अक्षरं उमटली, ‘मी आहे.’ काकांनी लिहिलं, ‘मी कोण?’ उत्तर आलं, ‘अरे मीच. तू झोपला नाहीस का? गोळी घेतलीस?’ काकांनी गोळी घेतली आणि झोपले. गप्पांसाठी तिथे वेगळी खिडकी आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी मी बटण दाबलं, तेव्हा मूळ पुरुषाच्या कोकणातून देशावर येण्याच्या प्रसंगात, दोन्ही कडा सरळ, शोभिका फाँटात, ‘गोळी घेतलीस?’ असं छापून आलं होतं. अतिशय देखणं दिसत होतं. मुद्राराक्षस हा शब्द आम्ही इतकी वर्षं छापखान्याला लावत आलो; तो बहीण-भावाच्या रूपातही येतो.

छायाचित्रांचं तंत्र निराळंच. लाटेकमध्ये चित्रं तरंगतात. आपण ‘इथे’ म्हटलं तरी ते ‘जमल्यास इथे’ असं ऐकलं जातं. जागा नसेल तर चित्र पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसतं. आमचे आजोबा आयुष्यात गाव सोडून कुठे गेले नाहीत. या पुस्तकात मात्र चार दिवसांत तीन प्रकरणं ओलांडून ते डोंबिवलीला आत्याच्या सासरच्या मंडळींत दाखल झाले. “येऊ दे,” आत्या म्हणाली, “हयात असताना एकदाही आले नाहीत.”

पान जुळलं तरी यंत्राचं समाधान होत नाही. ते बाजूला कुरकुरीची लांब यादी देतं. ही ओळ फार भरली, ती फार रिकामी. रिकाम्या ओळीपुढे तर कंसात लिहिलेलं असतं, ‘बॅडनेस १००००’. काकांनी विचारलं, “दहा हजार? कोणाचा?” मी ओळींचा क्रमांक शोधला. तिथे एका मामेसासऱ्यांची हकीकत होती. दोघांनीही बराच वेळ काही म्हटलं नाही. मग काका हळू आवाजात म्हणाले, “यंत्राला कसं कळलं रे?”

काही चिन्हं मात्र यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवलेली आहेत. उदाहरणार्थ डॉलर. दोन डॉलर-चिन्हांच्या मधे जे येईल ते गणित समजलं जातं, आणि गणिताच्या फाँटात देवनागरी नसते. अमेरिकेतल्या चुलतभावाने आपली माहिती आपणच भरली. पहिल्या नोकरीचा पगार डॉलरमध्ये, आत्ताच्या घराची किंमत डॉलरमध्ये, आणि मधे मातृभाषेवरच्या प्रेमाबद्दल चार वाक्यं. बटण दाबल्यावर चारही वाक्यं गेली. दोन डॉलरच्या मधे सापडलेली मराठी नाहीशी होते, हा माझा शेरा नव्हे. ही कार्यपद्धती आहे. नोंदवहीत कारण दिलं होतं, ‘मिसिंग कॅरेक्टर’. ते मी त्याला जसंच्या तसं कळवलं. तो अजून बोलत नाही.

पण खरा प्रसंग घडला तो शेकड्याच्या चिन्हावरून. लाटेकमध्ये % आलं की त्या ओळीतला पुढचा सगळा मजकूर यंत्र सोडून देतं. ती जागा लिहिणाऱ्याच्या खासगी टिपणांसाठी. चूक दाखवत नाही, तांबडी पट्टी नाही, काही नाही. छापायचंच असेल तर आधी ती उलटी रेघ द्यावी लागते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा कुकरची शिट्टी झाली असेल. मी वाटणीच्या प्रकरणात लिहिलं होतं, ‘वडिलोपार्जित जमिनीत धाकट्या पातीचा हिस्सा ५०%’ आणि पुढे तो कधी मिळाला, कसा मिळाला, कोणत्या झाडांसकट मिळाला, असा सविस्तर परिच्छेद. तो सगळा एकाच ओळीत. पीडीएफ नातेवाइकांच्या गटावर गेली. तिच्यात होतं, ‘वडिलोपार्जित जमिनीत धाकट्या पातीचा हिस्सा ५०’. पुढे कोरा कागद.

रात्री नऊ ते साडेअकरा मला सतरा फोन आले. पन्नास काय? गुंठे? रुपये? पुढचं कोणाच्या सांगण्यावरून गाळलं? धाकट्या पातीतले एक वकील आहेत; त्यांनी ‘मूळ मसुदा सुरक्षित ठेवावा’ एवढाच संदेश पाठवला, तोही पूर्णविरामासह. मी शपथेवर सांगू लागलो की मजकूर आहे, डावीकडे आहे, फक्त उजवीकडे दिसत नाही. ते ऐकून संशय वाढला. शेवटी मी दुवा सगळ्यांनाच देऊन टाकला. या आणि स्वतःच्या डोळ्यांनी पहा. त्या रात्री तेवीस रंगीत काड्या त्या एका परिच्छेदात उभ्या होत्या.

झाडांसकट सगळं जागेवर आहे हे पाहून मंडळी शांत झाली. पण जाताना त्यांना एक गोष्ट कळून गेली होती, की या पुस्तकात अशी एक जागा आहे जिथे लिहिलेलं छापलं जात नाही, आणि तरीही घरातल्या सगळ्यांना वाचता येतं.

पहिली आत्या. छापील मजकूर असा, ‘कै. मोठ्या आजी अतिशय मायाळू होत्या.’ डावीकडे त्याच ओळीत पुढे, ‘% तूप मोजून वाढायच्या.’ दोन दिवसांनी खाली काकांची भर, ‘% मोजून नव्हे, दाखवून.’ मग काही थांबलं नाही. ‘त्यांचा विवाह थाटात पार पडला. % मुलाकडचे रुसले होते, कारण श्रीखंड.’ ‘त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतले. % एक वर्ष.’ ‘१९७१ साली मुंबईस स्थायिक झाले. % विचारा का.’ त्याच्याखाली चौघांनी चार वेगवेगळी कारणं दिली आहेत. चारही ओळी % ने सुरू होतात. एवढ्या शिस्तीने आमच्या घराण्यात दुसरं काही झालेलं नाही.

उजवीकडची पीडीएफ २१२ पानांवर थांबली आहे. त्यात सगळे मायाळू, करारी आणि मनमिळाऊ आहेत. डावीकडचा मजकूर अजून वाढतो आहे. मुंबईच्या मुद्रकाने पाचशे प्रतींचा दर कळवला, म्हणून मी कोणाला किती प्रती हव्यात ते गटावर विचारलं. अकरा प्रतींची मागणी आली. दुवा मागणारे चौऱ्याण्णव.

परवा सहज माझ्या स्वतःच्या नोंदीपाशी गेलो. मजकूर मीच लिहिला होता, ‘निवृत्त शिक्षक. विनोदी लेखनाची आवड.’ पुढे एक % दिसलं. ‘% विनोदी कोण म्हणालं ते शोधणे.’ कोणता शब्द कोणी केव्हा घातला हे ओव्हरलीफच्या इतिहासात पाहता येतं. पाहिलं. मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, आमच्याच घरातून. त्या वेळी मी आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होतो. मी ती ओळ काढून टाकली आणि चहा टाका म्हणून सांगायला बाहेर गेलो. चहा झालेला होता. परत येऊन पाहतो तर ओळ पुन्हा जागेवर होती, आणि तिच्याखाली काकांनी सांगलीहून लिहिलं होतं, ‘% अनुमोदन.’